भाऊसाहेबांचा मुंबई-बंदोबस्त

"महानगराच्या मध्यवस्तीत माणसं दोनच प्रकारची असतात! एक, लुटली गेलेली. दुसरी, संध्याकाळपर्यंत लुटली जाणारी! तिसरा प्रकार चोरांचा, पण त्यांना मी माणसांत धरत नाही!"

श्रीपाद ऊर्फ भाऊसाहेब तेंडोलकरांनी हे उद्गार पडवीतल्या खुर्चीत बसून, उजव्या हाताचं बोट वाशांकडे रोखून, वेंगुर्ल्याच्या समस्त जनतेला उद्देशून काढले. समस्त जनतेपैकी त्या वेळी त्यांच्या पत्नी सीताकाकू तेवढ्या हजर होत्या, आणि त्या नारळ खवत होत्या. बोट अजून वरच होतं. एवढ्यात अंगणाच्या दगडी गडग्यावरून एक कावळा आला, भाऊसाहेबांच्या ताटलीतला घावन त्याने चोचीत धरला आणि माडाच्या दिशेने निघून गेला.

सीताकाकूंनी खवणं न थांबवता विचारलं, "ह्यो मुंबयचो काय ओ?"

भाऊसाहेब सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. 'भाऊसाहेब' ही पदवी तेवढी त्यांना घरी नेऊ दिली होती. कचेरीची आणखी एक सवय घरी आली होती. गंभीर झाले की ते प्रमाण मराठीत बोलत, आणि घाबरले की मालवणीत परत येत. त्यामुळे परिस्थिती किती बिकट आहे, हे सीताकाकूंना शब्दांवरून नाही, तर क्रियापदांवरून कळत असे.

आत्ताची परिस्थिती अशी होती. एकुलती एक लेक गौरजा मुंबईत. नोकरी फोर्टात, बिऱ्हाड गिरगावात. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास बंद केला. तेव्हा तिने फोन केला, "आई, आता तूच ये गं." त्या क्षणापासून सीताकाकूंनी नाचणी, कुळथाचं पीठ, डिंक आणि सोलं यांची गाठोडी बांधायला घेतली. आणि त्या क्षणापासून भाऊसाहेब दारात आडवे झाले.

त्यांची भीती मात्र खोटी नव्हती हो! लेक मुंबईला गेल्यापासून रोज संध्याकाळी तिचा 'पोचले' असा मेसेज येईपर्यंत त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. मेसेजला उशीर झाला की ते टीव्ही लावत. टीव्हीवर कुणाची तरी साखळी खेचलेली दिसली की टीव्ही बंद करत. आणि मग बंद टीव्हीकडे बघत बसत. आता ती रजेवर घरातच होती, तरी खाली कोथिंबीर आणायला गेली की तिला 'पोचले' लिहावं लागे.

"गिरगावात तू एकटी रस्त्यावर उतरशील आणि पर्स गमावून बसशील!" भाऊसाहेब म्हणाले. "आधी इथल्या बाजारात परीक्षा द्यायची. पास झालीस तरच तिकीट!"

"आणि चेडवाक कळा सुरू झाल्यो तर? निकाल लागासर थांब म्हणून सांगू?"

पण भाऊसाहेब ऐकेनात. कारण सीताकाकूंची बाजारात जाण्याची रीत त्यांना ठाऊक होती. भाजीची पिशवी त्या फुलवालीच्या पाटीशेजारी ठेवत, छत्री शिंप्याच्या दारात, पर्स बांगड्यांच्या दुकानात. सगळ्या बाजारभर सामान पेरत जायच्या आणि परतताना कापणी करत यायच्या! इतक्या वर्षांत हरवलं काही नव्हतं. उलट पिशवीत एखादी अळवाची जुडी जास्तच सापडे.

"ही सवय," भाऊसाहेब म्हणत, "मुंबईत आत्महत्येसमान आहे!"

चोर म्हणून निवड झाली शेजारच्या बाबलीची. बाबली रिक्षा चालवायचा.

"बाबली, तुला माझ्या पत्नीची पर्स खेचायची आहे."

"काकानू, तब्येत बरी आसा मां?"

"मागून यायचं, खेचायचं आणि पळायचं!"

"आणि काकीन कानफटात मारल्यान तर?"

"तर ती पास!"

"आणि मी?"

याचा विचार भाऊसाहेबांनी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब शिंप्याच्या दुकानाआड दबा धरून बसले. सीताकाकू पिशवीत कोलंबी घेऊन आता भाजी निवडत होत्या. ठरल्याप्रमाणे बाबली मागून आला आणि त्याने पर्सला हिसका दिला.

सीताकाकू वळल्या. चेहरा खुलला! "अरे बाबली! बरो गावलंस बघ! ही पर्स घेतलंस ती घेतलंस, ह्यो नारळ पण घे. आणि ह्या पिशयेत सुंगटां आसत, मांजराक गावाची नाय अशी ठेव. घराक कुलूप नाय, ढकल नि आत जा!"

चोर दोन्ही हात भरून, मान डोलावत निघून गेला. वाटेत त्याने रिक्षात दोन उतारूही घेतले.

"नापास!" शिंप्याच्या दुकानाआडून आवाज आला.

त्या दिवशी घरी मोठा तास झाला. भाऊसाहेबांनी मोबाइलवर देशभरातल्या खेचाखेचीच्या चित्रफिती दाखवल्या. "पर्सला हात लागला की ओरडायचं! बेंबीच्या देठापासून! समोर कोण आहे ते बघायचंसुद्धा नाही!"

"बरां," सीताकाकू म्हणाल्या. लेकीकडे जायचं होतं. त्यासाठी त्या वाघासमोरही ओरडल्या असत्या.

फेरपरीक्षेला बाबली हेल्मेट घालून आणि तोंडाला पंचा गुंडाळून आला. पण चालत! रिक्षा ओळखू येते म्हणून भाऊसाहेबांनीच ती घरी ठेवायला लावली होती. हेल्मेट घालून बाजारातून चालणारा माणूस वेंगुर्ल्याने पूर्वी पाहिला नव्हता.

"बाबली, डोक्याक काय लागला रे?"

"बाबली, गाडी खंय विसारलंस?"

"दाढ काढलंस काय रे बाबली? तोंडाक कित्याक बांधलंस?"

अशी जनतेच्या चौकशांना मानेनेच उत्तरं देत चोर मासळी बाजारात पोचला. तिथे मासे विकणाऱ्या तुळसाच्या पाटीसमोर सीताकाकू बांगडे बघत होत्या. चोराने पर्सला हात घातला आणि सीताकाकूंनी डोळे गच्च मिटून, बेंबीच्या देठापासून किंकाळी फोडली, "चोऽऽऽर! चोर! चोर!"

सारा बाजार वळून बघायला लागला. मग तुळसा म्हणाली, "खंय गो चोर? हो तर आमचो बाबली!"

पण सीताकाकूंना समोर बघायला बंदी होती! त्या ओरडतच राहिल्या. काकी खरंच घाबरली की काय, या विचाराने बाबली घाबरला. पळायला म्हणून वळला तो सरळ तुळसाच्या पाटीत! बांगडे चौफेर उधळले. तुळसाने हाताला लागला तो बांगडा शेपटीला धरला आणि हेल्मेटवर सपासप वाजवायला सुरुवात केली. "मेल्या! चोरी कर, पण माझ्या बांगड्यांर पडा नको!"

तिकडे मासळी घ्यायला आलेला एक पर्यटक मोबाइल उंच धरून सगळं टिपत होता. त्याची बायको ओरडत होती, "बाई गं! आपण इथे शांततेसाठी आलो होतो ना!"

शेवटी सगळी वरात पोलीस ठाण्यात गेली. हवालदार सुशांतने पंख्याचा वेग वाढवला, कारण बाबलीला बांगड्यांचा वास येत होता.

"तक्रार कोणाची आहे?" त्याने कचेरीतल्या मराठीत विचारलं.

"माजी नाय," सीताकाकू म्हणाल्या. "माका मुंबयक जाऊचा आसा."

"माजी आसा!" तुळसा म्हणाली. "सगळी पाटी मातयेत गेली!"

"चोरी करायला कोणी सांगितलं?"

बाबलीने हेल्मेट न काढताच भाऊसाहेबांकडे बोट दाखवलं.

सुशांतने खुर्ची भाऊसाहेबांकडे वळवली. "म्हणजे तुमच्याच पत्नीची, तुमच्याच घरातली पर्स, तुमच्याच शेजाऱ्याकडून तुम्हीच चोरवलीत?"

"तिच्या सुरक्षेसाठी!" भाऊसाहेब ताठ बसून म्हणाले.

सुशांतने पेन खाली ठेवलं आणि तोही मालवणीवर आला. "काकानू, ह्याका कलम नाय. ह्याका औषध लागता."

सांडलेले बांगडे भाऊसाहेबांनी विकत घ्यावेत, असा निकाल झाला. घरी पुढे कितीतरी वेळा बांगड्यांचंच तिखलं झालं, आणि ते गिळताना भाऊसाहेबांना शिक्षा म्हणजे काय ते कळत होतं.

पण खरी शिक्षा पुढे होती. आंबोलीच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून त्यांना एक चित्रफीत आली. वर लिहिलं होतं, 'भरदिवसा वृद्धेवर झडप! शांत कोकण राहिलं का?' खाली रडकं संगीत. असलं काही आलं की भाऊसाहेब आधी पुढे पाठवत आणि मग बघत. सवयीप्रमाणे त्यांनी ती सगळीकडे पाठवली. 'काळजी घे' अशी ओळ जोडून गौरजालाही पाठवली. मग चष्मा पुसून बघायला घेतली.

त्यात सीताकाकू होत्या.

फोन लगेच वाजला.

"बाबा! ती आई आहे!"

"अगं, तो चोर नव्हे. तो आपला बाबली..."

"बाबलीदादासुद्धा चोऱ्या करायला लागला?" गौरजाला रडू फुटलं. "बाबा, तिथे आता एक दिवससुद्धा राहायचं नाही! दोघंही निघा! आमच्या गल्लीत निदान दिवे आहेत, माणसांचा राबता आहे, नाक्यावर कॅमेरा आहे! तुमच्याकडे काय आहे?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढून ठेवला. आयुष्यभर जमवलेला सगळा पुरावा उलटून त्यांच्याच अंगावर पडला होता. "खरां गो बाय," ते म्हणाले. सीताकाकूंनी आतून क्रियापद नाही, पण 'खरां' ऐकलं आणि गाठोड्याची शेवटची गाठ मारली.

निघायचं ठरलं. पण भाऊसाहेबांनी बंदोबस्त सोडला नाही. लोखंडी साखळी आणली, आकड्यांचं कुलूप आणलं. "मोलाचं सगळं माझ्या बॅगेत!" असा हुकूम सुटला. सीताकाकूंनी बाळासाठी शिवलेली कुंची आणि दुपटी त्यांच्या बॅगेत दिली. घराची चावीही त्याच बॅगेत गेली, कारण यंदा प्रथमच घराला कुलूप लागलं होतं.

बाबलीच्या रिक्षातून दोघं कुडाळ स्टेशनात आली. बाबलीच्या अंगचा बांगड्यांचा वास आता रिक्षेलाही लागला होता. फलाटावर पोचताच भाऊसाहेबांनी बॅग बाकाच्या लोखंडी पायाला साखळीने जखडली आणि कुलूप घातलं. तेवढ्यात एक पाणीवाला जवळून गेला. त्याने आकडा पाहिला, असा संशय येऊन त्यांनी आकडा बदलला. मग एक म्हातारी जांभई देताना कुलपाकडे बघतेय असं वाटलं, म्हणून पुन्हा बदलला. शेवटी असा आकडा ठेवला की जो कुणालाही सुचणार नाही.

या 'कुणालाही'मध्ये आपणही येतो, हे गाडी फलाटाला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"ओ, चला!" सीताकाकू डब्याच्या दाराशी पोचल्या होत्या. दारात उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाच्या हातात त्यांनी आपलं गाठोडं दिलं, "जरा धर रे बाबा," आणि वर चढल्या. त्याने गाठोडं परत दिलं, वर आपली खिडकीची जागाही दिली!

"सीते, आकडो आठवणा नाय गो!" भाऊसाहेब बाकापाशी ओणवे होऊन ओरडले.

"गौरजाचो जल्मदिवस लावा!"

लावला. नाही.

"तुमच्या निवृत्तीची तारीख!"

नाही.

"मगे आपल्या लग्नाची तारीख लावा!"

भाऊसाहेबांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं. कुलपाचा आकडा आठवत नाही, हे बायकोला ओरडून सांगता येतं. लग्नाची तारीख आठवत नाही, हे नाही सांगता येत. त्यांनी काहीतरी फिरवल्यासारखं केलं. गाडी हलली.

"कुंची ऱ्हवली ओ!" सीताकाकूंचा आवाज पहिल्यांदाच कापला. मग वाढत्या वेगाबरोबर सूचना येऊ लागल्या, "कुलूप उघडला काय मागच्या गाडयेन येवा! तवसर बाबलीकडे जेवा! त्येका आणि काय करूक सांगा नकात!"

गाडी गेली. फलाट रिकामा झाला. मुंबईत पाऊल टाकण्यापूर्वीच भाऊसाहेबांचं सर्वस्व त्यांच्यापासून हिरावलं गेलं होतं, आणि चोर सापडायचा तर फक्त आरशात. बॅग नेता येईना, सोडता येईना. घरी जावं तर चावी आत. नातवंडाची कुंचीही आत, आणि नातवंड तर कुठल्याही क्षणी येणार!

फोन वाजला. "बाबा, आईने सांगितलं सगळं. आता एकटे आहात ना? अनोळखी माणसाशी बोलू नका. कोणी काही दिलं तर खाऊ नका. बॅग सोडून कुठेही जाऊ नका!"

सगळी वाक्यं ओळखीची होती. त्यांनीच तिला शिकवलेली. "होय गो," ते म्हणाले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस बसला होता. केस लाल रंगवलेले, डोळे तांबारलेले, दंडावर विंचू गोंदलेला. चित्रफितींतून पाहून भाऊसाहेबांनी जसा कल्पिला होता, तसाच! मघापासून तो साखळीकडेच बघत होता.

"काका," तो माणूस म्हणाला, "ही आता कापूकच व्हयी. भायर पडल्यार उजव्या हाताक वेल्डिंगवालो आसा. करवत दितलो."

भाऊसाहेब उठले. साखळीकडे पाहिलं, विंचवाकडे पाहिलं, गाडी गेलेल्या दिशेला पाहिलं. कोटाचं बटण लावून त्यांनी घसा साफ केला. "हे पहा, आपला परिचय नाही..." त्यांनी सुरुवात केली. पुढचं प्रमाण मराठी काही केल्या येईना.

"बाबा रे, मी करवत घेवन येतंय. तवसर जरा माझ्या बॅगेर लक्ष ठेवशीत?"