सुसरबाईंचा तांबडा दिवा

ही गोष्ट मी सांगायची नाही, असं ठरलं होतं. आत्याचं म्हणणं, त्यातला मोर कोण ते लगेच ओळखू येतं. म्हणून बाळांनो, आधीच सांगते. मोर म्हणजे मोरच. त्याला पिसारा आहे. आपल्या ओळखीच्या कुणालाही पिसारा नाही.

तर एका जंगलात एक तळं होतं, आणि तळ्यात सुसरबाई होत्या.

त्या रोज तळ्यात नसायच्या. कधी नदीवर जायच्या, कधी दूरच्या वाळूत पडून राहायच्या. त्यामुळे संध्याकाळी पाण्यावर जाताना प्रत्येकाला एकच पंचाईत. आज बाई घरी आहेत की नाहीत?

त्यासाठी जंगलाने काजवे नेमले होते. काठावरच्या करवंदीच्या जाळीत ते ओळीने बसत. वारुळात धान्य जाऊ लागलं की एक जण भरभर लुकलुके. दुसरा गाभोबा कासवाच्या छातीच्या ठोक्याबरोबर लुकलुके. तो लुकलुकतोय तोवर गाभोबा जिवंत आहेत, असं समजायचं. कारण गाभोबांना हलताना कुणी पाहिलं नव्हतं.

काजव्यांशी थेट बोलायला मात्र बंदी होती. पूर्वी सगळेच बोलत. माकड म्हणे, "लाग!" कोल्हा म्हणे, "विझ!" आणि काजव्याला घेरी येई. तेव्हापासून मधे गाभोबा बसले. ज्याला जे हवं ते त्याने गाभोबांना सांगायचं, मग गाभोबांनी काजव्याला. आपल्या संगणकाच्या पोटातही असाच एक गाभोबा असतो. त्याला कर्नेल, म्हणजे गाभा, म्हणतात. त्याने सांगितल्याशिवाय कळफलकावरचा एवढासा दिवासुद्धा लागत नाही.

गाभोबांचं खरं कौशल्य सांगड घालण्यात होतं. तळ्यात टिबुकली नावाची छोटी पाणकोंबडी पोहत असे. सुसरबाई आल्या की ती किंचाळे. टिबुकली किंचाळली की ठिणग्या नावाच्या काजव्याने पेटायचं, अशी सांगड गाभोबांनी घालून दिली होती. ठिणग्याच्या पुढे पळसाची पाकळी लावलेली, म्हणून त्याचा उजेड तांबडा दिसे. तांबडा दिसला की सगळे मागे फिरत.

पण या सांगडीची एक खोड होती. मधेच कुणी हुकूम देऊन दिवा विझवला, की सांगड सुटून जाई. ती पुन्हा घाला, असं वेगळं सांगावं लागे. न सांगितलेलं काहीही गाभोबा करत नसत. आणि न विचारलेलं काहीही बोलत नसत.

एकदा पाणवठा समितीचे अध्यक्ष मोरपंत घाईघाईने त्यांच्याकडे आले. शेजारच्या जंगलातले सांबरराव 'निर्धोक पाणवठा' हे बक्षीस द्यायला निघाले होते.

"गाभोबा, तो तांबडा दिवा विझवा बघू."

"सुसरबाई तळ्यात आहेत," गाभोबा म्हणाले.

"असू देत की! त्यांना कोण हलवतंय? दिवा तेवढा विझवा. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

"दिवा विझवू?"

"मघापासून काय सांगतोय मी? काही अडचण आहे का?"

"विझवायला काही अडचण नाही," गाभोबा म्हणाले आणि दिवा विझवला.

सांबरराव आले. त्यांनी जाळीकडे पाहिलं. तांबडा दिवा नव्हता. त्यांनी मान डोलावली, मोरपंतांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि पाणी न पिताच परत गेले.

मोरपंतांना वाटलं, दिवा आता आपला आपण लागेल. असं सगळ्याच अध्यक्षांना वाटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चांदणी नावाची चितळीण आपल्या पाडसाला घेऊन पाण्यावर आली. पाडसाचं नाव ठिपकू. दिवसभराच्या उन्हाने त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती. चांदणीने जाळीकडे पाहिलं. तांबडा नव्हता. मग तिने तळ्याकडे पाहिलं.

"पंत, ते पाण्यात काय आहे हो?"

मोरपंत माळ घालूनच हिंडत होते. "ओंडका."

"ओंडक्याला डोळे?"

"गाठी असतात लाकडाला."

"पण टिबुकली केव्हाची किंचाळतेय!"

"तिला सवयच आहे. हे बघा चांदणीताई, दिवा लागलाय का? नाही ना? मग ओंडकाच. दिव्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?"

चांदणीने पुन्हा जाळीकडे पाहिलं. आणि तेवढ्यात ठिपकू तिच्या पोटाखालून निसटून गुडघाभर पाण्यात शिरला.

"ठिपकू! मागे ये!"

ओंडका पुढे सरकला. मग ओंडक्याने तोंड उघडलं. चांदणी पाण्यात धावली, पण चिखलात तिचे खूर रुतले. ठिपकू पाणी पीत होता. तोंड त्याच्या मानेपाशी आलं.

आणि तिथेच थांबलं.

सुसरबाई जाळीकडे बघत होत्या.

"माझा दिवा कुठाय?" त्यांनी विचारलं.

बाळांनो, आता सुसरबाईंच्या मनातलं सांगायला हवं. तो दिवा धोक्याचा आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं होतं, की आपण आलो की तांबडा दिवा लागतो आणि सगळे अदबीने बाजूला होऊन वाट मोकळी करतात. तो आपला मान आहे, अशी त्यांची खात्री होती. माणसांनासुद्धा असं वाटतं, मग सुसरीला का वाटू नये?

"परवापर्यंत होता! मला न विचारता काढला कुणी?"

त्या तरातरा पाण्याबाहेर आल्या. ठिपकूला ओलांडून आल्या, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चांदणीने त्याला ढुशी मारून उंचावर पळवलं. पाण्यावर आलेले बाकीचे प्राणी झाडांवर चढले, ज्यांना चढता येत नव्हतं तेही.

"कुणी काढला?"

सगळ्यांनी मोरपंतांकडे पाहिलं. मोरपंतांनी पिसारा मिटला.

"बाई, आपल्या डोळ्यांना त्रास नको म्हणून... आपलं स्थान मोठंच आहे, दिवा असो वा नसो..."

"दिवा असो!" सुसरबाई गरजल्या.

"दिवा लावू?" गाभोबांनी विचारलं.

"लाव!"

गाभोबांनी लावला. सांगड घालायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून घातली नाही. त्यामुळे दिवा लागला तो लागलाच. सुसरबाई असोत वा नसोत, संध्याकाळ झाली की तांबडा उजेड.

त्या बघतच राहिल्या. आता दिवा येण्याजाण्याचा नव्हता, कायमचा झाला होता. बढतीच ती! तेव्हापासून संध्याकाळ झाली की सुसरबाई जाळीखाली येऊन बसतात, मान थोडी वर करून. तिथे त्या लांबून सगळ्यांना दिसतात. दुपारी उन्हात दिव्याचा उजेड दिसत नाही, तेवढ्यात जाऊन मासे खाऊन येतात. भर संध्याकाळी दिवा सोडून चिखलात कोण जाईल?

चांदणी आणि ठिपकू पलीकडच्या काठाने पाणी पितात. निघताना चांदणी लांबूनच म्हणते, "आज दिवा काय खुललाय, बाई!" सुसरबाई डोळे मिटून ते ऐकतात.

तळं खरोखरच निर्धोक झालं. मोरपंतांचं बक्षीस खोटं नव्हतं म्हणायचं. थोडं लवकर मिळालं, इतकंच.

तात्पर्य: गर्वाचं घर खाली, असं आपण पाठ केलंय. ते बरोबरच आहे. पण ते घर तळ्याच्या तळाशी असेल आणि त्यात सुसर राहत असेल, तर तिचा गर्व उतरवायला जाऊ नये. रोज थोडा वाढवावा. कारण गर्व उतरलेली सुसर नम्रपणे खाली मान घालते, आणि खाली मान घातली की तिला समोर दिसतं ते…

थांबा बाळांनो, आई हाक मारतेय. आले गं आई, आले!