अडलं तिथं चारी

सोपानतात्यांच्या मोबाईलच्या पाठीला एक छोटा ट्रान्झिस्टर बांधलेला असतो. सायकलच्या ट्यूबची रबरं कापून बांधलाय, दोन आडवी आणि एक उभं. फोनमध्ये रेडिओ नाही हे कळल्यावर तात्यांनी फोनला रेडिओ जोडला, इतकी ती साधी गोष्ट आहे. सकाळी सहाला जळोचीच्या आमच्या गल्लीतून ते हा जोडसंसार छातीशी धरून, काठी टेकत फिरायला निघतात, तेव्हा आधी बातम्या येतात आणि मागून तात्या. कुणी नवा भाडेकरू थांबून विचारतो, हे काय हो? तात्या शांतपणे सांगतात, "कंपनी इसरली हुती. मी बसवून घेतला."

फोन साधासुधा नाही बरं का. नाव सांगत नाही, पण लग्नात लोक मुद्दाम खिशातून बाहेर काढून टेबलावर ठेवतात, त्यातला आहे. तात्यांची लेक पुण्यात असते. तिनं नवा घेतला आणि आपला आधीचा वडिलांना दिला. तात्यांनी आठ दिवस तो उलटासुलटा करून पाहिला आणि माझ्या पायरीवर बसून निकाल दिला, "बाई, फोन झ्याक हाय. पर लई काय काय बसवायचं ऱ्हायलंय."

मी त्यांची शेजारीण. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे सगळी गल्ली मला बाई म्हणते. माझा स्वभाव शिस्तीचा. वस्तू जशी आहे तशी वापरावी, नाहीतर वापरू नये, या मताची मी. तात्या नेमके उलट. त्यांची सगळी नोकरी पाटकरी म्हणून गेली. कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या पाळीला ज्याच्या त्याच्या शेतात सोडायचं, हे पाटकऱ्याचं काम. कालव्याचं दार गंजलेलं, ते उचलायचं चाक फिरत नाही, पाळी तर आजचीच, अशा वेळी पाण्याशी भांडून चालत नाही, बाजूनं एक लहानशी चारी खणून त्याला वाट करून द्यायची. "अडलं तिथं चारी काढायची" हे वाक्य ते दिवसातून पाच वेळा तरी म्हणतात. नळ बिघडला तरी म्हणतात, सुनेचं सासूशी पटत नाही असं कुणी सांगत आलं तरी म्हणतात.

हा फोन चेहरा बघून उघडतो. लेकीनं दिवाळीत तात्यांचा चेहरा त्याला दाखवून ठेवला, तेव्हा तात्यांच्या तोंडात कवळी होती. पहाटे कवळी पेल्यात असते. पहाटेच्या तात्यांना फोन ओळखच देईना. आकडे घालून उघडा की, मी म्हणाले. तर म्हणाले, "आकडं घालून चोरबी उघडंल, मग मालक कशाला?" चार दिवस खटपट करून त्यांनी शोध लावला की गाल फुगवले की फोन फसतो. तेव्हापासून रोज पहाटे ओट्यावर बसून ते फोनकडे गाल फुगवून पाहतात. समोरच्या घरात नवीन आलेल्या बाईंनी मला हळूच विचारलं होतं की आजोबा कुणावर रागावलेत का.

उन्हाळ्यात तर कहर असतो. आपल्याकडच्या वैशाखात फोन तापतो, पडद्यावर सूचना टाकतो आणि बंद होऊन बसतो. तात्या त्याला पिशवीत घालून माठाच्या ओल्या गोणपाटाला टेकवून ठेवतात. मानसाला ऊन लागतं, त्याला लागंलच की, हे त्यांचं म्हणणं. पिशवीत एक कांदाही असतो. माठाचं मला पटलं. कांद्याबद्दल मी वाद घातला नाही, कारण दुपारी माझं डोकं दुखतं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण या फोनमध्ये तात्यांचा जीव अडकला होता तो लासुर्ण्यातल्या अक्कामुळे.

अक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. तिकडे उसाच्या रानात घर, सून आणि नातवंडं आहेत. दोघं भावंडं रोज चार वाजता फोनवर बोलायची. तात्यांच्या खुब्याचं हाड मोडलं त्या वर्षापासून त्यांना एसटीची पायरी चढवत नाही. जावई दोन-तीन महिन्यांतून एकदा गाडीनं नेऊन आणतो, तेवढीच भेट. बाकी सगळं नातं त्या चारच्या फोनवर चाललेलं. आणि गेल्या वर्षी अक्काचे कान गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर ऐकू येतं, पण फोनमधलं एक अक्षर कळत नाही. यंत्र आणलं, तर त्यातून नुसता वारा ऐकू येतो म्हणून तिनं ते डब्यात घालून ठेवलं. एक दिवस ती म्हणाली, "सोपाना, आता नगं करू फोन. मला काय बी ऐकू येत न्हाय. मी नुसती हं हं करती. तुला फसवल्यागत वाटतं रं."

त्या संध्याकाळी तात्या ओट्यावर बसले होते. ट्रान्झिस्टर सोडून बाजूला ठेवलेला. मी चहा नेऊन दिला, तो तसाच निवला. बाहत्तर वर्षांच्या माणसाला बहिणीसाठी तसं बसलेलं पाहून मला फार वाईट वाटलं, हे कबूल करते.

पण दोन दिवसांत तात्या कामाला लागले. हा फोन बोललेलं ऐकून लिहितो असं कुणीतरी सांगितलं. लिहितो, पण तात्यांचं मराठी त्याला काही येईना. "अक्का, जेवलीस का" म्हटलं की तो काहीतरी इंग्रजी लिहून मोकळा व्हायचा. मग मी मेसेज पाठवा म्हणाले, अक्काला वाचता येतं, चौथीपर्यंत शिकलीय. तात्यांना ते पसंत पडलं नाही. मेसेज म्हणजे तार आल्यासारखं, वाचून माणूस हसतंय का रडतंय ते दिसत नाही, असं त्यांचं मत. शेवटी ते बारामतीला रिक्षानं गेले आणि एक पाटी आणि खडूंचा डबा घेऊन आले. व्हिडिओ कॉल लावायचा, पाटीवर लिहून अक्काला दाखवायचं, अक्कानं वाचून तोंडानं उत्तर द्यायचं. मला मान्य करावंच लागलं, युक्ती चांगली होती.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. तात्यांनी "जेवलीस का" लिहून पाटी उचलली आणि पडद्यावर पाहिलं तर अक्षरं उलटी, आरशात दिसावीत तशी. त्यांनी घाबरून फोन ठेवला आणि माझ्याकडे आले. मीही पाहिलं. खरंच उलटी. दोघांनी मिळून फोनची सगळी बटणं धुंडाळली. अक्षर सरळ करायचं बटण त्यात नव्हतं. एवढा नावाजलेला फोन, आणि साधी पाटी सरळ दाखवता येत नाही, म्हणून मी कंपनीला चार शब्दही सुनावले.

"ऱ्हाऊ द्या बाई," तात्या म्हणाले. "ते उलटं दावतंय ना, मग आपुनच उलटं लिवायचं. आपसूक सरळ दिसंल."

पुढचे पंधरा दिवस त्यांनी उलटं लिहायचा सराव केला. उजवीकडून सुरुवात, काना अलीकडे, वेलांटी पलीकडे. मीही हातभार लावला. कागदावर लिहा, कागद उलटा करून उजेडाला धरा आणि दिसेल तसं पाटीवर काढा, ही युक्ती माझी. "ळ" त्यांना छळायचा. शेवटी एकदा त्यांनी "डाळिंबाला पाणी सुटलं का" हे एवढं मोठं वाक्य काढून पाटी फोनपुढे धरली आणि पडद्यावर ते शुद्ध, सरळ उमटलं. मी म्हणाले, तात्या, शंभरपैकी शंभर.

चारचा फोन पुन्हा सुरू झाला. भिंतीपलीकडून खडूचा आवाज यायचा आणि मग अक्काचं खणखणीत उत्तर. तात्यांचा चेहरा बदलला. चार महिने असे छान गेले. मग एक दिवस ते पायरीवर येऊन बसले.

आढेवेढे घेत बोलले ते असं. पाटी दाखवली की अक्का त्यांच्याकडे पाठ करते. रोज, दर वेळी. फोन समोर फळीवर असतो, पाटी दिसली की ती वळते, घटकाभर नुसता पदर दिसतो, मग पुन्हा तोंड फिरवून उत्तर देते. आधी त्यांना वाटलं, पदरानं डोळे पुसत असेल. मग वाटलं, दिसत नसावं, सुनेकडून वाचून घेत असेल आणि आपल्याला सांगत नसेल.

"कान गेलं तवा पाटी काढली," ते म्हणाले. "आता डोळं गेलं तर मी कुठनं वाट काढू, बाई?"

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घराची वास्तुशांत त्याच आठवड्यात लासुर्ण्यात होती. अक्काकडे जाऊन तिची नजर गुपचूप पाहून यायचं मी कबूल केलं.

मी पोचले तेव्हा अक्का पडवीत तांदूळ निवडत होती. फाटकातूनच तिनं मला हाक मारली, "जळोचीच्या बाई का तुमी?" मला तिनं फक्त तात्यांच्या फोनवर, तेही एकदोनदा पाहिलेलं. चष्मा नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत तिनं तांदळाच्याच रंगाचे खडे पटापट वेचून बाजूला केले. नजर माझ्यापेक्षा चांगली होती. तिची सून शेतावर गेली होती, म्हणजे वाचून दाखवायलाही घरात कुणी नव्हतं. मला काही उमजेना.

चार वाजले. फोन वाजलेला तिला ऐकू येत नाही, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ती आधीच फळीसमोर जाऊन बसली होती. मी दाराआड उभी राहिले. पडद्यावर तात्या आले, हसले, मान खाली घालून लिहू लागले. बराच वेळ लिहिलं आणि पाटी वर केली. मी इथून पाहिलं, तर अक्षरं उलटी. सगळीच्या सगळी.

अक्कानं फोनकडे पाठ केली, पदराआडून कुंकवाच्या पेटीतला लहानसा आरसा काढला, खांद्यावरून मागचं दिसेल असा समोर धरला आणि त्यात पाहून वाचलं, "डोळे दुखत्यात का." आरसा पदरात गेला, ती वळली आणि म्हणाली, "न्हाय रं, डोळ्यास्नी काय धाड भरलीया?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्या प्रकाशात मला माझीच लाज वाटली. फोन उलटं दाखवतो ते फक्त ज्याचं त्याला, आरशासारखं. पलीकडच्याला तो सगळं सरळच पाठवतो. तात्यांची पहिल्या दिवसाची सरळ पाटी अक्काला सरळच दिसली असती. आम्ही दोघांनी मिळून, कष्ट करून, ती उलटी केली होती. आणि आरशाचे नियम मी तीस वर्षं शिकवले होते.

फोन तासभर चालला. तो संपल्यावर मी अक्काच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. आजच जाऊन तात्यांना सरळ लिहायला सांगते, म्हणाले, तुमचा हा त्रास वाचेल.

तिनं माझं मनगट धरलं.

"न्हाय सांगायचं," ती म्हणाली. "मला पयल्या दिसापासनं ठावं हाय. त्येनं पयली पाटी दावली ती सरळच हुती, पर मी बोलायच्या आत फोनच ठिवला. मग उलटं यायला लागलं. म्या म्हनलं, सांगावं. पर बाई, कान हुतं तवा माझा भाऊ दोन मिंटं बोलायचा. जेवली का, बरी हाईस का, ठिवतो. आता एका वळीला पाच मिंटं लागत्यात त्येला. तवर मी नुसती त्येच्याकडं बगत बसती. जीब भाईर काडून लिवतो बगा, लहानपनी मी पाटी शिकवायची तवा काडायचा, तशी. सरळ लिवाय लागला की झरझर लिवून मोकळा हुईल. मग मी काय बगू?"

मी तांदळाच्या सुपाजवळ तिच्या शेजारी बसले आणि उरलेले खडे निवडू लागले.

संध्याकाळी परत आले तेव्हा तात्या माझ्याच पायरीवर बसून होते. नजर शाबूत आहे, फाटकातून माणूस ओळखतात, चष्म्याशिवाय तांदूळ निवडतात, असं सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि बराच वेळ तसेच ठेवले. मग अपेक्षित प्रश्न आला, "मग पाठ का करती?"

तीस वर्षं समोर चुकीचं उत्तर आलं की मी लाल शाईनं खोडलं. या एका उत्तराला हात लावायची माझी छाती झाली नाही. खिडकी त्यांच्या मागे आहे, उजेडाकडे तोंड करून वाचतात, असं मी ठोकून दिलं. कुणाला असं वाचता येईल का, याचा तात्यांनी विचार केला नाही. त्यांना फक्त डोळे हवे होते आणि ते मिळाले होते.

"नजर एवडी चांगली हाय, तर मग बारीक लिवलं तरी चालंल म्हना," ते म्हणाले. "पाटीवर चार वळी जास्ती बसत्याल." मग काठी टेकत घरात गेले, पाटी घेऊन ओट्यावर आले आणि उद्याच्या चारसाठी उजव्या कडेपासून लिहायला बसले.