इनाससरांचं तिसरं घर

"अरे, दोन आहे तो, दोन! घरचाच आहे, घे त्याला आत!"

इनाससर यंत्रावर ओरडत होते. आमच्या संस्थेतला संगणक कपाटाएवढा, आणि सरांचा आवाज त्याहून मोठा. वसईत ते आपल्या वाडीत नुसते शिंकले तरी अर्नाळ्याचे लोक वादळ आलं म्हणून होड्या वर ओढत, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सर गणितातले, मी त्यांचा शेजारी, आणि ऑफिसात त्यांच्या हाताखाली संगणकाला सूचना द्यायची कार्डं पंच करणारा. संगणकाकडून लोक आकडेमोड करून घेत, सरांना बीजगणित हवं होतं. पण 'क्ष अधिक एक' यात दोन मिळवायला सांगितले की यंत्र अडून बसे: ही बहुपदी, तो पूर्णांक, बेरीज होणार नाही.

सरांचं म्हणणं, दोन म्हणजे दोन अधिक शून्य क्ष, एवढं यंत्राने आपलं आपण ओळखावं. दोनने काय त्यासाठी अर्ज करायचा?

महिनाभर खपून त्यांनी यंत्राला ते शिकवलं. ज्या दिवशी त्याने न विचारता दोनला बहुपदींच्या घरात नेऊन 'क्ष अधिक तीन' छापलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सर केळ्यांचा अख्खा घड खांद्यावर टाकून संस्थेत आले. संचालकांनाही भर बैठकीत केळं सोलावं लागलं.

मग हे वेड गावात उतरलं. लग्नाला कोणी नुसत्या शर्टात आला, की सर चर्चच्या दारातच त्याला कोट चढवत. त्यासाठी सात कोट शिवून घेतले होते, सगळे स्वतःच्या मापाचे, आणि सर म्हणजे माड. "आत तू तोच. फक्त घर बदललं," असं म्हणून पाठीवर थाप. कामणचा एक ठेंगणा पाहुणा त्या कोटात शिरला तो जेवणं उठेपर्यंत कोणाला सापडला नाही.

एक दिवस मात्र यंत्र पुन्हा अडलं. एकीकडे अर्धा, दुसरीकडे 'क्ष अधिक एक'. सरांनी बांधलेल्या बहुपदींच्या घरात सगळा कारभार पूर्णांकांचा, तिथे अर्ध्याला जागा नाही. अपूर्णांकांच्या घरात क्षला जागा नाही. कोणी कोणाकडे जायचं?

सर खुर्ची ओढून बसले. संस्थेत घड्याळाची टिकटिक प्रथमच ऐकू आली.

मला कारण ठाऊक होतं. सरांचा थोरला भाऊ पेद्रू शेजारच्याच घरात राहायचा, मध्ये मेंदीचं कुंपण. आई गेल्यावर तिच्या वर्षाची प्रार्थना आणि जेवण कोणाच्या घरी, यावरून दोघांत आठ वर्षं अबोला. पेद्रूकडे बायकामुलांनी घर भरलेलं असे. सरांनी लग्न केलं नव्हतं. रोझरी ही माळेवरची प्रार्थना, एकाने सुरू करायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. आईच्या तसबिरीपुढे सुरुवातही तेच करत आणि उत्तरही तेच देत.

तिसऱ्या दिवशी ते ओरडतच जिना चढले. "कोणी कोणाकडे जायचंच नाही! दोघं मावतील असं तिसरं घर बांधायचं! बहुपदीच, पण आत अपूर्णांकही राहतील अशी!"

मी कार्डं पंच केली. यंत्र खडखडलं आणि छापलं: क्ष अधिक तीन छेद दोन. मी नाचलो. सरांनी केळी वाटली नाहीत. रजेचा अर्ज लिहिला आणि घरी गेले.

त्या वर्षी आईच्या वर्षाच्या दिवशी कुंपणातली दहा हात मेंदी गायब होती. तिथे झावळ्यांचा मांडव, अर्धा सरांच्या अंगणात, अर्धा पेद्रूच्या. मधोमध लांब टेबल, त्यावर आईची तसबीर, दोन्हीकडे सरांनी स्वतः ठोकलेली बाकं. सरांनी वहिनीकडे निरोप धाडला होता: हे माझं घर नाही, त्याचंही नाही.

अख्खं गाव कुंपणापाशी गोळा झालं. सर मान खाली घालून बसले होते.

पेद्रू मटणाचं टोप घेऊन आला, बायकामुलं मागोमाग. सरांनी रोझरी सुरू केली, आणि समोरून दहा गळ्यांचं उत्तर आलं. सरांचा आवाज तिथेच फुटला. पुढची प्रार्थना पेद्रूने धरली.

जेवताना सरांनी इतक्या हळू विचारलं, की ऐकायला आम्हा सगळ्यांना वाकावं लागलं.

"नीट बसलास ना?"

पेद्रूने हाड चोखून ताटात ठेवलं.

"बाक डुगडुगतंय. पुढच्या वर्षी माझ्याकडचं घे."