म्हात्र्यांच्या गाडीतला पिवळा दिवा

आमचे शेजारी हरिश्चंद्र म्हात्रे यांच्या मोटारीत कोणालाही पाहुणा म्हणून बसता येत नाही. दार लावताच कामाची वाटणी होते. “सर, गप्पा नंतर. पयला दिव्यावर डोला ठेवा.”

दिवा म्हणजे इंजिनातील बिघाड दाखवणारा, चालकासमोरचा पिवळा दिवा. त्यांच्या जुन्या गाडीत तो लहर येईल तेव्हा पेटतो. कोणत्या वळणावर, कोणत्या खड्ड्यात पेटला, हे शेजारच्याने ओरडून सांगायचे. “चालवनारा रस्ता बघल का दिवा? ह्ये दोन मानसांचं काम हाय!” उरणला कंटेनरचे ट्रेलर एकट्याने हाकण्यात या गृहस्थाची हयात गेली, हे येथे नोंदवलेले बरे.

पूर्वी हे काम म्हात्रेवहिनींकडे असे. त्या गेल्यावर रेवदंड्यातील शेजाऱ्यांवर संकट आले. मुक्ताकाकू एकदाच अलिबागला जाऊन आल्या आणि भर रस्त्यात कडाडल्या, “भाऊ, तुजा दिवा बघता बघता माजी वालत घातलेली सुकट मांजरानं नेली!” आता गाडीचा आवाज आला की काकूंचे दार लागते.

म्हात्रे संशय घेण्यात कंजुषी करत नाहीत. त्यांनी हवेचा सेन्सर बदलला, धुराचा बदलला; दिवा पेटतच राहिला. गॅरेजवाल्याने तपासणीचे यंत्र लावू म्हटले, तर “यंत्राला आपला खड्डा कलतो का?” म्हणून त्यालाच झिडकारले.

अखेर मी पद्धतशीर पाहायचे ठरवले. भाग बदलण्यापूर्वी त्याची जोडणी तपासावी, हा साधा नियम आहे. इंजिनाचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग काढला. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडल्या होत्या. त्या घासून, प्लग खटका वाजेपर्यंत बसवला. अलिबागला जाऊन आलो. दिवा पेटला नाही.

मला शाबासकीची अपेक्षा होती. म्हात्रे एवढेच म्हणाले, “मंग आता एकट्यानं नेली तरी चालंल.” आणि त्यांनी गाडीवर ताडपत्री घातली. ती बरेच दिवस निघाली नाही.

मग एका सकाळी हॉर्न वाजला. “सर, पेटला!” आवाजात दुःख शोधूनही सापडेना.

मी बॉनेट उघडले. प्लग लोंबत होता. पिना लख्ख होत्या. खटका बोटाने दाबल्याशिवाय असा प्लग सुटत नाही. म्हात्रे पाठमोरे राहून स्वच्छ काच पुन्हा पुसत होते.

मी प्लग तसाच ठेवून बॉनेट लावले आणि शेजारच्या सीटवर बसलो.

“अवघड बिघाड आहे,” मी म्हणालो. “दोन माणसांचे काम.”

तो दिवा आता विझणार नव्हता. तरी म्हात्रे अलिबागपर्यंत प्रत्येक वळणावर विचारत राहिले, “हाय का?”

“आहे,” मी सांगत राहिलो.