आत्याबाई गप्प झाल्या

आमच्या मँगनीजच्या खाणीत नवीन साहेब आले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला : 'आत्याबाईंची कुरकुर सुरू आहे. जावईबापू पाणी ओढत नाहीत.' साहेबांना वाटलं, कुणाच्या तरी घरचा मेसेज चुकून आला. त्यांनी सभ्यपणे कळवलं, 'काळजी घ्या.'

मेसेज शेंडे मॅडमचा होता. आत्याबाई म्हणजे खालच्या थरातली हवा मोजणारा सेन्सर, जावईबापू म्हणजे पाणी उपसणारा पंप. जमिनीखालची अशी सगळी खबर मॅडमच्या सर्व्हरमध्ये जमा होते. त्यांची खोली इतकी गार, की भर मे महिन्यात अख्खा भंडारा जिल्हा भाजून निघत असताना ह्या बाई स्वेटर आणि कानटोपीत! माहितीची दुसरी प्रत भंडाऱ्याच्या ऑफिसात असते. तिला त्या 'माहेर' म्हणतात.

"सासरी काही झालं तं पोरीनं जावं कुठं? माहेर पायजे नं, बाप्पा!"

मी शेजारच्या खोलीत हजेरी बघते. मीही हसायचे त्यांना. पण माझा नवरा गणेश खालच्याच थरात ड्रिल चालवतो, त्यामुळे माझं हसणं जरा बेतानंच असायचं.

यंदाच्या खांडेनवमीला खाली अवजारांची पूजा झाली, काम सुरू झालं, आणि थोड्या वेळानं मॅडम कानटोपीसकट धावत बाहेर आल्या.

"आत्याबाई गप्प झाल्या! आकडा हालूनच नाही राहिला."

साहेब म्हणाले, "सेन्सर बिघडला असेल. माणूस पाठवून बघू."

"हवा कधी एका जागी बसते का, साहेब? पाहू मंग. आधी पोरं वर घ्या!"

आणि त्यांनी स्वतःच भोंगा वाजवला. मी धावत खाणीच्या तोंडाशी गेले. एकेक जण वर येत होता आणि मॅडम प्रत्येकाचं तोंड निरखत होत्या. गणेश दिसला तेव्हा मला रडूच फुटलं.

तपासणी झाली. हवा ठणठणीत होती. आत्याबाईंच्या जाळीवर मात्र ओल्या हळदीकुंकवाचा जाड थर आणि वर झेंडूचा हार! पूजा आमच्याच गणेशरावांनी केली होती.

"मॅडम एवढा मान देतेत, म्हटलं आपणबी कराव जी," तो खाली मान घालून म्हणाला.

सगळे खो खो हसले. साहेब सोडून. पाळीचं काम बुडालं होतं, त्यांनी लेखी खुलासा मागितला. मॅडमनी लिहून दिलं : 'आकडा थांबला म्हणून माणसं वर घेतली. पुन्हा थांबला तर पुन्हा घेईन.'

दसऱ्याला संध्याकाळी आम्ही दोघं सोनं द्यायला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. इतकी वर्षं शेजारी बसते, पण त्या एकट्या राहतात हेही मला तिथं गेल्यावर कळलं. टेबलावर पेढ्यांचं भरलेलं ताट होतं.

"एवढे कोणासाठी, मॅडम?"

"दरवर्षी आणतो वो. येत नाही कोणी. मंग ऑफिसात वाटून देतो."

ते पेढे मी दरवर्षी खाल्ले होते. मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, "मॅडम, तुम्ही आहात म्हणून हे खाली गेले तरी मी निर्धास्त असते." त्या नुसता माझा हात धरून राहिल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. गणेशची अख्खी पाळी हातात आपट्याची पानं घेऊन आत येत होती. कोणाच्या कडेवर लेकरू, कोणासोबत म्हातारी आई.

मॅडमनी एकदा त्या गर्दीकडे पाहिलं, एकदा ताटाकडे, आणि घाबऱ्या घाबऱ्या माझ्या कानाशी आल्या.

"पेढे पुरतीन काय वो?"