एकशे बारा चिठ्ठ्या आणि लिंबाचं लोणचं

"ज्याले नियोजन येते ना लीला, त्याचं काम अडत नाई अन् पोटबी उपाशी राहत नाई!" सदाशिवराव गोहोकार गुरुजींनी ओट्यावर उभं राहून जाहीर केलं. एकसष्ट सालच्या फेब्रुवारीतली ती सकाळ. मुकुटबनातली शाळेमागची आळी आणि नाल्यापलीकडचा बंजाऱ्यांचा तांडा, इतक्या मुलखाची शिरगणती सरकारने त्यांच्या गळ्यात घातली होती. माणसामागे एक चिठ्ठी, चिठ्ठीत तेरा रकाने. आणि शाळा होतीच!

नियोजनाचं हे भूत त्यांच्या अंगात उगीच शिरलं नव्हतं. मागे नुसती घरं मोजायची होती, तेव्हा गुरुजी कामाच्या नादात सकाळपासून उपाशी फिरले आणि भोवळ येऊन थेट पाटलांच्या गव्हाणीत जाऊन बसले. बैलाने त्यांची टोपी चाटून काढली. पुढचा आठवडाभर वर्गात पाठ फिरवली की मागून कोणीतरी हंबरायचं!

म्हणून यंदा सात कप्प्यांची झोळी. नकाशा गुरुजींचा, शिलाई बायकोची, लीलाबाईंची. पहिल्या कप्प्यात कोऱ्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात भरलेल्या, तिसऱ्यात दौत-पेन, चौथ्यात भाकर, दुसऱ्याच्या बरोबर वर असलेल्या पाचव्यात लिंबाच्या लोणच्याची बाटली, सहाव्यात गूळ-शेंगदाणे, सातव्यात रुमाल. सोबत वेळापत्रक. दहाला गूळ-शेंगदाणे, ठीक एकला भाकर, चारला पुन्हा शेंगदाणे. जगबुडी आली तरी बदल नाही!

लीलाबाईंनी झोळी खुंटीला टांगली आणि जरा मागे सरून पाहिलं. "अवो, हे लोनचं कागदायच्या डोक्स्यावर आलं की!"

"बूच घट्ट हाय."

"सांडलं म्हंजे?"

"तुले नियोजनातलं काय समजते?"

लीलाबाई चुलीकडे वळल्या. दहा वर्षांच्या संसारात वाद कधी सोडावा हे त्यांना पक्कं ठाऊक झालं होतं.

पहिले बारा दिवस झोळीने खरोखरच कमाल केली! शाळेमागची आळी संपली, तिच्या चिठ्ठ्या घरच्या पेटीत गेल्या. गुरुजी वेळेवर जेवत होते, गालांवर तजेला आला होता, आणि भेटेल त्याला झोळी उघडून दाखवत होते. सुपरवायझर नेमलेले नानाजी म्हणजे शेजारच्या गावचे हेडमास्तर. कडक माणूस. विद्यार्थ्याने शिंकायलाही परवानगी मागावी अशा मताचे. तेसुद्धा खूश झाले. "गोहोकार, तांडा झाला की कळवा. बाकीच्या दहा मास्तरायले घेऊन येतो. पाहू द्या त्यायले, काम कसं करतेत!"

झालं! गुरुजींची छाती जिनातल्या कापसासारखी फुगली.

बुधवारी ते तांड्यात शिरले. बावीस घरं, प्रत्येकाच्या दारावर गेरूचा आकडा. तांड्याचे नाईक देवसिंग यांनी खाट टाकली आणि त्यांची बायको हंसाबाई गरम बाटी, म्हणजे आपली ज्वारीची जाड भाकर, आणि तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी घेऊन पुढे आली. "खा गुरुजी, मंग लिहा."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा!

"नाई बाई. माही वेळ एकची हाय. अन् मी माहंच खातो. हे पाहा, चौथा कप्पा!"

हंसाबाईने त्या कप्प्याकडे असं पाहिलं, जसं काही गुरुजींनी तिच्या चुलीवर पाणी ओतलं. तांड्यात आलेला माणूस न खाता जातो म्हणजे काय! पण गुरुजी बधले नाहीत. ठीक एक वाजता नऊ नंबरचं घर उरकून ते पळसाखाली जाऊन बसले, एकटेच भाकर-लोणचं जेवले, रुमालाने तोंड पुसलं आणि पुन्हा कामाला लागले.

गुरुवारी चार वाजता शेवटच्या घराची शेवटची चिठ्ठी भरली. गुरुजींनी बेरीज केली. एकशे बारा! लगेच नानाजींच्या गावाकडे बैलगाडी घेऊन निघालेल्या प्रेमसिंगाच्या हाती कागद दिला: "तांडा पूर्ण. घरे बावीस, माणसे एकशे बारा. शनिवारी सकाळी सर्वांना घेऊन यावे."

गाडी नाल्याच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि गुरुजींनी भरलेल्या चिठ्ठ्या नीट लावून ठेवायला दुसऱ्या कप्प्यात हात घातला.

हात ओला!

बूच घट्टच होतं. बाटलीच तडकली होती! लिंबाचा खारट, आंबट, हळदीने पिवळा झालेला रस सरळ खालच्या कप्प्यात उतरला होता. चिठ्ठ्या एकमेकींना अशा बिलगल्या होत्या, जशा सासरी निघालेल्या बहिणी. तरी वरच्या काही अजून वाचता येत होत्या. गुरुजींनी मनाला धीर दिला. वाळवू, मग उतरवून काढू!

नाईकांच्या घरामागे सपाट खडक होता. ऊन चांगलं होतं. गुरुजींनी एकेक चिठ्ठी सोडवून खडकावर पसरली, प्रत्येकीवर खडा ठेवला. या कामाने घशाला कोरड पडली. देवसिंगाने हाक मारली, "गुरुजी, चहा तरी घ्याल का? का चहाचाबी कप्पा हाय?"

त्या टोमण्याला लाजून गुरुजी चहा प्यायला आत गेले. कपभर चहाला वेळ तो किती लागणार! पण तेवढ्यात रानातून बकऱ्या परतल्या. दिवसभर वाळका पाला चघळून आलेल्या चाळीस बकऱ्या, आणि समोर खडकावर मीठ लावलेला कागद!

गुरुजी बाहेर आले तेव्हा एक बोकड डोळे मिटून चघळत होता. त्याच्या तोंडातून कागदाचा एक कोपरा लोंबत होता आणि त्यावर "मातृभाषा" एवढंच वाचता येत होतं.

"हाट! हाट! अरे सरकारी कागद हायेत ते!" गुरुजी धोतर सावरत धावले. बकऱ्या पांगल्या, पण जाता जाता प्रत्येकीने एकेक घास घेतलाच. हाती लागल्या नऊ चिठ्ठ्या. त्यातल्या पाच अर्ध्या.

शनिवारी सकाळी नानाजी दहा मास्तरांना घेऊन येणार होते. मध्ये फक्त शुक्रवार!

शुक्रवारीही शाळा सहकाऱ्याच्याच गळ्यात घालून गुरुजी उजाडताच निघाले. लीलाबाई भाकर घेऊन मागे धावल्या. "अवो, चवथा कप्पा रिकामा राह्यला!"

"मरू दे तो कप्पा!" गुरुजी खेकसले आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काखेत मारून नाल्याकडे वळले.

तांड्याच्या तोंडाशीच म्हातारी रामीबाई जमिनीवर बसून रडत होती. बाजूला चार बाया तिला धरून. गुरुजी धावत जवळ गेले. "काय झालं आजी? कोन गेलं?"

"मीच गेली!" रामीबाईने गळा काढला. "माही चिठ्ठी बकरीनं खाल्ली! आता सरकारात मी मेली! काहून मारलं रे मले, गुरुजी?"

"अवं आजी, तू जित्ती हाय! माह्यासमोर बसून राह्यली!"

"थे तुले दिसते. सरकारले कुठी दिसते?"

ही गोष्ट वणव्यासारखी तांडाभर पसरली होती. ज्याची चिठ्ठी बकरीने खाल्ली, तो सरकारदप्तरी मेला! ज्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या, ते नऊ जण जरा ताठ मानेनेच फिरत होते. ज्याच्या बकऱ्या होत्या तो फकिरा तर तोंड लपवून झोपडीत बसला होता, कारण शंभरावर खून त्याच्या नावावर चढले होते!

"पुन्हा लिहितो! साऱ्यायले पुन्हा लिहितो!" गुरुजी ओरडले. "पैले आजीले जित्तं करतो. आजी, वय सांग."

"ऐंशी."

"परवा तर साठ सांगतलं!"

"परवा मी मेली नव्हती, बाप्पा. आता मरून परत आली. वाढन नाई का?"

गुरुजींनी ऐंशी लिहिलं. हुज्जत घालायला वेळ कुठे होता! पण खरा घोळ पुढेच होता. चिठ्ठी नवी मिळतेय म्हटल्यावर जो तो आपलं आयुष्य दुरुस्त करून घ्यायला लागला. हंसाबाई परवा चाळीसची होती, आज बत्तीसची झाली. गाडी घेऊन परतलेला प्रेमसिंग तिशीतून पंचेचाळिशीत गेला, कारण म्हणे त्याला यंदा पंच व्हायचं होतं. एका नवराबायकोने लग्न कधी झालं यावरून अंगणातच भांडण सुरू केलं आणि गुरुजींनाच पंच केलं. गुरुजींचं डोकं ठणकत होतं.

आणि त्यात खाणं! आज नाही म्हणायची सोय नव्हती. नाईकांच्या ओट्यावर गुरुजी टेकले तशी हंसाबाईने थाळी समोर आपटली. "परवा आपलं आपलं खाल्लं, पाहा काय झालं ते! आता आमी सांगू तवाच खासान."

"बाई, मले घाई हाय..."

"मंग माहं नाव नोका लिहू!"

गुरुजी जेवले. पुढच्या घरी सोल्यांची भाजी. खाल्ली. त्याच्या पुढच्या घरी कढी. प्यायली. "नाईकाच्या घरी खाल्लं, आमच्या घरी काहून नाई?" हा प्रश्न प्रत्येक दारात तयारच होता. पाचव्या घरी गुळाची लापशी आली, आणि ती बाई थाळी रिकामी होईपर्यंत नवऱ्याचं नावच सांगेना! सातव्या घराशी धोतराची गाठ सैल करावी लागली. नवव्या घरातून निघताना गुरुजींना वाकता येत नव्हतं, म्हणून ते चिठ्ठ्या भिंतीला टेकवून लिहायला लागले.

असे डुलत डुलत ते दहा नंबरच्या दाराशी आले. दारात पूनमसिंग हात जोडून उभा.

"या गुरुजी! आले एकदाचे!"

"लवकर सांग बाप्पा. परवा तुह्या घरी किती जन लिहिले होते मी?"

"परवा? परवा कोन आलतं?"

"मी आलतो!"

"नाई गुरुजी. तुमी नऊ नंबरातून निंघाले, पळसाखाली जेवले, अन् तोंड पुसून सरळ अकरा नंबरात घुसले. आमी सात जन नवे कपडे घालून दारात उभे होतो. म्या म्हटलं, साहेबाच्या कामात कायले बोलावं?"

गुरुजींनी बोटांवर मोजलं. सात माणसं! आईबाप, पूनमसिंग, त्याची बायको, तीन लेकरं. वेळापत्रकाच्या नादात, एकच्या ठोक्याला, अख्खं घर त्यांनी गिळून टाकलं होतं. बकऱ्यांनी निदान लिहिलेली माणसं खाल्ली. गुरुजींनी तर न लिहिताच खाल्ली!

"जेवान आनू का?" पूनमसिंगाने विचारलं.

"आन," गुरुजी खोल आवाजात म्हणाले. या घरी नाही म्हणायचं तोंडच नव्हतं.

शनिवारी सकाळी नानाजी आले. मागे सायकली ढकलत दहा मास्तर. गुरुजी नाईकांच्या खाटेवर कुशीवर पडलेले. उताणं पडवत नव्हतं. बाजूला नव्याकोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. नानाजींनी चष्मा लावून मोजला, मग खिशातला कागद काढला.

"गोहोकार, इथं एकशे बारा. गठ्ठा एकशे एकोनीसचा. दोन दिवसांत सात मानसं कुठून आले?"

"राहून गेलते, सर. दुसऱ्यांदा मोजलं तवा सापडले."

"दुसऱ्यांदा मोजलं?" नानाजींचे डोळे चमकले. "कोनी न सांगता, अख्खा तांडा दुसऱ्यांदा मोजला? वा!" ते मागे वळले. "आयका रे! याले म्हनतात काम. उद्यापासून तुमी साऱ्यायनं आपापला भाग पुन्हा मोजायचा!"

दहा मास्तरांनी गुरुजींकडे एकदम पाहिलं. खरं सांगावं की नाही, हे गुरुजी अजून ठरवतच होते, तेवढ्यात म्हातारी रामीबाई काठी टेकत पुढे आली.

"साहेब, गुरुजीले नोका देऊ. बकरीले शाबासकी द्या. तिनं कागद खाल्ले म्हून हे पुन्हा आले!"

मग सगळंच बाहेर आलं. लोणचं, खडक, बोकड. मास्तर खाली बसून हसले. नानाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी गठ्ठा काखेत घेतला आणि म्हणाले, "हुकूम तोच राहीन. बकरी असो का मानूस, सात जन सापडले ना?"

आता दहा मास्तर हसायचे थांबले.

संध्याकाळी गुरुजी पोट धरून घरी आले. "लीला, मले फक्त मऊ भात पाह्यजे. दुसरं काई नोको."

"करते. पन एक सांगा. साऱ्या आळीले मोजलं, आपल्या घरी कोन येनार हाय मोजाले?"

गुरुजींनी कपाळावर हात मारला. आळीत स्वतःचं घर राहिलंच होतं! त्यांनी निमूटपणे दोन कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या. आपली भरली, बायकोची घेतली. नाव, वय, जन्मगाव लिहून झालं. मग पेन अडलं.

"इथं इचारलं हाय, काम करीत नसल्यास काय करता?"

"कोन काम करत नाई?" पहाटे चारला उठलेल्या लीलाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"तसं नाई वं. घरकाम सरकार कामात धरत नाई. सरकार म्हनते..."

"मंग सरकारले म्हना, भात कर!"

त्या ओट्यावर जाऊन बसल्या. गुरुजींनी बरीच वाट पाहिली. शेवटी स्वतःच चूल फुंकली, डोळे लाल केले, तांदूळ धुतले, पाणी बेताने मोजून घातलं. भात वरून कच्चा आणि खालून कोळसा झाला. त्यातला मधला भाग शोधून त्यांनी दोन ताटं वाढली.

लीलाबाईंनी एक घास तोंडात घातला. बराच वेळ चावला. मग डाव्या हाताने दौत त्यांच्यापुढे सरकवली.

"लिहा. काम करते म्हून लिहा."