विहीणबाईंची तेजी-मंदी

माझ्या आयुष्यातला सगळ्यात ठळक मूर्खपणा गुलाबी रंगाचा होता.

माझ्या लेकीच्या, मंजूच्या लग्नाची बोलणी करायला निपाणीची मंडळी आमच्या बेळगावच्या घरी आली. मुलाची आई, पद्मावतीबाई, आत आल्या त्या बसल्याच नाहीत. पहिला प्रश्न, "बाथरूम कुठं हाय?" जाऊन आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कडी नीट लागत न्हाय." पोहे आले, बाई पुन्हा उठल्या. देण्याघेण्याचं बोलणं रंगात आलं, बाई पुन्हा आत. मंजूचे बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "अगं, लागली असेल त्यांना." मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. माझी खात्री पटली होती, बाई आमची परीक्षा घेतेय! लोक मुलीचे नाकडोळे बघतात, ही आमचं न्हाणीघर बघतेय.

तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली, म्हणजे अगदीच अल्लड. लग्नाआधी गवंडी बोलावला आणि न्हाणीघराला जमिनीपासून छतापर्यंत गुलाबी फरशा बसवल्या. नवा नळ, नवा आरसा, नवी कडी. पुढच्या खेपेला पद्मावतीबाई आत गेल्या. मी दाराबाहेर निकालाची वाट बघत उभी. बाहेर येऊन म्हणाल्या, "आता कडी बरी हाय." फरशांबद्दल अवाक्षर नाही!

अशा आमच्या विहीणबाई. नवरा गेल्यावर तंबाखूची वखार त्यांनी एकटीनं चालवली. पान चोळायचं, नाकाशी धरायचं आणि भाव सांगायचा. मराठीत "नको" म्हणाल्या तर समोरच्या व्यापाऱ्यानं अजून थोडा वेळ बसायला हरकत नसे. कानडीत "ब्याड" म्हणाल्या की त्यानं चपला शोधायच्या.

त्यांच्या तऱ्हा आमच्या दोन्ही घरांत प्रसिद्ध होत्या. कुणाच्याही घरात शिरताना त्या आधी ओरडायच्या, "नळ बंद करा!" पाण्याची एवढी काळजी बघून निपाणीच्या एका महिला मंडळानं त्यांना शाल दिली. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. आम्हीही जैनच, पण आमचं व्रत पाहुणे असेपर्यंत. त्यांच्यापुढे मला फार ओशाळं वाटे. आणि परक्या घरी मुक्काम नाही म्हणजे नाही. बारसं असो, पूजा असो, नातवाचा वाढदिवस असो, बाई शेवटची बस गाठून निपाणीला. "आपलं अंथरूण ते आपलं अंथरूण," एवढंच बोलायच्या. वरमाईचा तोरा अजून उतरला नाही, असं लोक म्हणत. लोक म्हणजे बहुतेक मीच. हळूहळू कुणी त्यांना 'राहा' म्हणेनासं झालं.

गेल्या वर्षी कोल्हापूरहून एक बारसं उरकून आम्ही दोघी भाड्याच्या गाडीनं परतत होतो. हायवेवर गाड्यांची ही रांग. अर्धा तास गाडी जागची हलेना. विहीणबाईंनी एकदम माझं मनगट धरलं. वखार चालवलेला हात तो, माझ्या बांगड्या रुतल्या. मग तो हात सैल पडला आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी सीटकडे पाहिलं, आणि वीस वर्षांचं सगळं गणित एका क्षणात सुटलं. मी हातातली पाण्याची बाटली आमच्या दोघींच्या मांडीवर उपडी केली आणि ड्रायव्हरवर ओरडले, "हळू चालव की रे! सगळं पाणी सांडलं!"

"आज्जी," तो म्हणाला, "गाडी उभी हाय."

निपाणीला साडी बदलून झाल्यावर विहीणबाईंनी मला समोर बसवलं. "मंजूच्याई, आता तुमाला सगळं कळलंयच. लागली की थांबत न्हाय. नळाचा आवाज आला तरी येती. घराचं कुलूप हातात घेतलं तरी येती."

"आणि रात्री पाणी न पिणं?"

"धर्माचं निम्मं, ह्येचं निम्मं. पुण्याच्या खात्यावर निम्मंच जमा धरते मी."

"आणि ती शाल?"

"पाणी वाचलं त्ये खरं हाय न्हवं? शाल कशाला परत करू?"

गोळ्या घेऊन झाल्या होत्या. त्यांनी तोंड वाळलेल्या पानासारखं कोरडं पडायचं. व्यायाम केले होते. हे सगळं गुपचूप, मुलालाही पत्ता नाही. मी त्यांना बेळगावच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. डॉक्टरबाई तरुण, कानडी बोलणाऱ्या. माझी कानडी भाजीबाजारापुरती, म्हणून विहीणबाईच मला मराठीत सांगायला लागल्या.

"त्या म्हणत्यात, पाठीच्या खाली, माकडहाडापाशी नस असती. तिच्याजवळ बारीक तार सोडायची. नस आणि लघवीची पिशवी यांचं बोलणं बिघडलंय. पिशवी भरलेली नसताना उगंच बोंब उठती. तारंतनं बारीक करंट देऊन त्यास्नी ताळ्यावर आणायचं."

"आणि करंट कुठून येणार?"

"बॅटरी. कंबरेच्या खाली, मागच्या बाजूला, कातड्याच्या आत. म्हंजे मी खुर्चीत बसले की बॅटरीवर बसले. ह्ये त्या न्हाय म्हणाल्या, ह्ये मी म्हणते."

"आक्का, मला मराठी येतं," डॉक्टरबाई हसत म्हणाल्या.

मग प्रश्नांचा भडिमार. कमी-जास्त करायला रिमोट मिळणार हे कळल्यावर, "नातवानं क्रिकेट लावायला त्योच रिमोट उचलला तर?" बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागेल, तार सरकू शकते, जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो, हेही डॉक्टरबाईंनी सांगितलं. आधी तात्पुरती तार घालून, यंत्र बाहेर कमरेच्या पट्ट्याला लावून आठवडाभर बघायचं. त्रास निदान निम्म्यानं कमी झाला तरच बॅटरी आत बसवायची. नाही तर तार काढून टाकायची. "गुण येईलच अशी खात्री मी देत नाही," त्या म्हणाल्या.

विहीणबाई खूश. "नमुना बघून माल घ्यायचा, बरोबर हाय. खात्री देणाऱ्याला मी कधी वखारीत बसू दिलं न्हाय."

तो आठवडा त्यांना दवाखान्याजवळ राहणं भाग होतं, म्हणजे माझ्याकडे. स्वतःची गादी, रबरी चादर आणि बादली घेऊन आल्या. मी खोली तयार केली होती. बाईंनी गादी टाकली ती न्हाणीघराच्या बोळात. रोज सकाळी मला बाजारभाव कळायचा. "आज तेजी हाय, वाटंत उभ्या राहू नका." दुसऱ्या दिवशीही तेजी. डॉक्टरबाईंनी यंत्र जरा कमी-जास्त केलं. "मुंग्या आल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी भाव जरा उतरला.

चौथ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. माझ्या अंगात आलं. म्हटलं, बघू या. मी हळूच तांब्याखाली नळ सोडला. विहीणबाईंचा हात थांबला. मान वर झाली. मी पाठमोरी, पण कान मागे.

"मंजूच्याई."

"काय?"

"पुरा सोडा."

मी पुरा सोडला. पाणी धो धो पडतंय आणि ही बाई कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेऊन ऐकतेय. डोळे मिटलेले. मीच कासावीस झाले, कारण मलाच जायची वेळ आली! शेवटी त्या डोळे उघडून म्हणाल्या, "आता बंद करा. वाया चाललंय."

आठवडा संपला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आक्का, मग कायमचं बसवू या?"

"ब्याड," विहीणबाई म्हणाल्या.

तार काढायला डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "चिरण्याची भीती वाटते का?"

"न्हाय."

"लोक काय म्हणतील म्हणून?"

"लोकं माज्या कमरंला बघायला येत्यात व्हय?"

"मग झालं काय?"

त्या गादीवर बसल्या. पट्ट्यावरच्या यंत्रावर हात ठेवला. "आतापतोर मी कुठं राहत न्हवते, म्हणून कुणी राहा म्हणत न्हाय, असं धरून चालले मी. त्येवढ्यावर दिस गेले. उद्या ह्ये बसवलं, बरी झाले, कपड्यांची पिशवी घिऊन कुणाच्या दारात उभी राहिले, आणि तरीबी कुणी राहा म्हणलं न्हाय तर? मग कशावर ढकलू?"

या वीस वर्षांत 'राहा' म्हणायचं सोडून देणाऱ्यांत पहिला नंबर माझाच होता.

मी उठले. त्यांना उठवून गादी बोळातून ओढत ओढत मंजूच्या खोलीत, खिडकीखाली नेली. गुडघ्यांनी बोंब मारली, पण नेली. धापा टाकत म्हटलं, "डॉक्टरांना फोन लावतेय. काय सांगू?"

विहीणबाईंनी रबरी चादर उचलली. तिच्या शांतपणे चार घड्या घातल्या.

"लावा," म्हणाल्या.

बॅटरी बसली. सगळं गेलं असं नाही. अधूनमधून तेजी येते, पण आता बाजार त्यांच्या हातात आहे. टाके सुकल्यावर जावई गाडी घेऊन न्यायला आले. विहीणबाईंची कपड्यांची पिशवी भरलेली, पदर खोचलेला. मी तांदूळ निवडत होते. मान वर न करताच म्हटलं, "राहा की अजून."

त्यांनी लेकाला चहा प्यायला आत धाडलं. पायानंच पिशवी खाटेखाली सरकवली. मग माझ्या ताटातले दोन खडे उचलून बाजूला टाकत म्हणाल्या,

"तुमाला माझा कंटाळा येईल बगा. येईपतोर राहते."